हरिकेननंतर बांधकामाचे आणि पर्यावरणाचे नियम ढिले होतात तेव्हा: घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन हे हरिकेन, म्हणजे चक्रीवादळ, फ्लोरिडात पेरी गावाजवळ धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १४० मैल होता. किनारा ओलांडूनही ते थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात पोचलं आणि तिथे शंभराहून अधिक माणसं गेली. ९ ऑक्टोबरला मिल्टन हे दुसरं हरिकेन फ्लोरिडाच्याच सिएस्टा कीजवळ आलं, तेव्हा टँपा परिसरात हेलीनने भिजवलेले सोफे आणि गाद्या अजून रस्त्याकडेलाच पडून होत्या. त्यानंतरच्या वर्षभरात दोन्ही राज्यांनी पुनर्बांधणीच्या नावाखाली बरेच नियम सैल केले. त्या भागात घर असलेल्या मराठी मंडळींना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माहिती २०२५ अखेरपर्यंतची आहे. तुमच्या घराबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या शहराच्या किंवा काउंटीच्या बांधकाम खात्याचाच.

नियम शिथिल करण्याचा अधिकार नेमका कोणाला असतो?

तीन पातळ्या लक्षात ठेवा.

पहिली गव्हर्नरची. फ्लोरिडात आणीबाणी जाहीर झाली की राज्याच्या कामकाजाची पद्धत ठरवणारे कायदे आणि राज्य खात्यांचे नियम गव्हर्नरला तात्पुरते थांबवता येतात. मात्र ते पाळल्यामुळे आणीबाणीचं काम अडणार असेल तरच. हा हुकूम ६० दिवस चालतो, पुढे हवा असेल तर नूतनीकरण करावं लागतं. इथे कायद्याचा रोख पद्धतीवर आहे. फॉर्म, मुदती आणि सह्या यांत गव्हर्नर सूट देऊ शकतो. तुमच्या छपराला किती खिळे हवेत हे तो सहसा बदलत नाही.

दुसरी पातळी विधिमंडळाची. ते कायदाच बदलू शकतं, आणि खरे मोठे बदल तिथेच झाले आहेत.

तिसरी केंद्राची. पूरविमा, नद्या, पाणथळ जागा आणि दुर्मीळ प्राणी यांचे नियम वॉशिंग्टनचे आहेत. राज्याने कितीही सूट दिली तरी ते तसेच उभे राहतात. नेमकं इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

म्हणजे वादळानंतर दुरुस्तीला परमिट लागत नाही का?

लागतं. छपरावर ताडपत्री टाकणं, फुटलेल्या खिडकीवर प्लायवूड ठोकणं, ओलं कार्पेट आणि भिजलेलं ड्रायवॉल काढून घर सुकवणं, अशा तातडीच्या कामांना सहसा कोणी अडवत नाही. पण नवं छप्पर, वायरिंग, प्लंबिंग किंवा भाराची भिंत यांना परमिट हवंच. कित्येक शहरं अशा वेळी वेगळी खिडकी उघडतात, शुल्क माफ करतात आणि व्हिडिओवरून तपासणी करतात. फ्लोरिडाच्या २०२५ च्या कायद्यानुसार हरिकेनची आणीबाणी जाहीर झाल्यापासून १८० दिवस त्या भागात बांधकाम शुल्क वाढवता येत नाही. याशिवाय नकाशे आणि काम तपासायला परवानाधारक खासगी अभियंता नेमण्याची सोय फ्लोरिडात आधीपासून आहे. शहराच्या रांगेत महिनोन्‌महिने अडकण्यापेक्षा ती वापरावी. पैसे जातात, पण वेळ वाचतो.

‘आत्ता कोण विचारतंय, करून टाका’ म्हणणारा कंत्राटदार भेटला तर दुसरा शोधा. परमिटविना केलेलं काम घर विकताना समोर येतं आणि पुढच्या वादळाच्या क्लेममध्येही.

५० टक्क्यांचा नियम काय आहे? राज्याने तो माफ केला आहे का?

सर्वाधिक गोंधळ याच नियमावरून होतो, म्हणून जरा सविस्तर.

केंद्राची पूरविमा योजना १९६८ पासून आहे. तिच्यात सहभागी झालेल्या प्रत्येक गावाने एक अट मान्य केलेली असते. पूरक्षेत्रातलं घर पूर्ववत करण्याचा खर्च वादळाआधीच्या इमारतीच्या बाजारभावाच्या ५० टक्के किंवा त्याहून जास्त होत असेल, तर ते ‘लक्षणीय नुकसान’ ठरतं. मग नुसती डागडुजी चालत नाही. घर आजच्या नियमांत बसवावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा पूरपातळीच्या वर उचलावं लागतं.

इथे हिशेब इमारतीचा होतो, जागेचा नाही. समुद्राजवळच्या जुन्या घराची एकूण किंमत नऊ लाख डॉलर असेल आणि त्यात इमारतीचा वाटा तीन लाखांचा असेल, तर मर्यादा दीड लाखाची. स्वयंपाकघर, छप्पर आणि विजेचं काम धरलं की दीड लाख केव्हाच संपतात. मित्रमंडळींनी येऊन फुकट काम केलं किंवा कोणी सामान दान दिलं, तरी त्याची किंमत बाजारभावाने धरतात. राडारोडा हटवणं, नकाशे, मोजणी आणि परमिट शुल्क मात्र धरत नाहीत.

मालमत्ता करासाठी काउंटीने लावलेलं मूल्य कमी वाटत असेल, तर परवानाधारक मूल्यांकनकाराचा वादळाआधीच्या स्थितीवर आधारलेला अहवाल देता येतो. हा मार्ग पूर्ण कायदेशीर आहे आणि अनेकांची घरं त्यावर तरली आहेत. घर उचलावंच लागलं, तर पूरविम्याच्या पॉलिसीत त्यासाठी वेगळे ३० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात. फ्लोरिडात एवढ्यात घर उचलून होत नाही, पण हक्काची रक्कम आहे, सोडू नका.

आता राज्याने काय केलं ते. काही गावं हे ५० टक्के एका दुरुस्तीपुरते न मोजता काही वर्षांचा खर्च एकत्र धरून मोजत असत. यंदा २० टक्के आणि तीन वर्षांनी ३५ टक्के झाले की बेरीज ५५. अशी साखळी बेरीज करायला फ्लोरिडाने २०२५ मध्ये बंदी घातली. मूळ ५० टक्क्यांचा नियम जिथे होता तिथेच आहे.

तो मोडला तर काय होतं हे फ्लोरिडातल्या ली काउंटीत दिसलं. २०२२ च्या इयन वादळानंतर तिथे पूरक्षेत्रात परमिटविना कामं झाल्याचा ठपका ठेवून केंद्राच्या आपत्ती यंत्रणेने, म्हणजे फीमाने, काउंटी आणि तिथल्या काही शहरांची पूरविम्यावरची २५ टक्के सवलत काढण्याचा इशारा दिला. कागदपत्रं आणि सुधारणा दाखवून बाकीच्यांनी ती वाचवली. फोर्ट मायर्स बीच या गावाची गेली, आणि २०२४ अखेर ते गाव विमा योजनेत परिवीक्षेवर, म्हणजे ताकीद देऊन देखरेखीखाली, टाकलं गेलं. परमिट न घेणारे काही जण होते. वाढलेला हप्ता सगळ्या गावाने भरला.

एसबी १८० हे नाव सारखं ऐकू येतं. त्यात इतका वाद कशाचा?

एसबी म्हणजे सिनेटचं विधेयक. फ्लोरिडाचा हा कायदा जून २०२५ मध्ये लागू झाला. त्यातला बराच भाग सरळ आणि उपयोगी आहे. वर सांगितलेली शुल्कवाढीची आणि साखळी बेरजेची बंदी त्यातलीच.

वाद एका कलमावर आहे. डेबी, हेलीन किंवा मिल्टनच्या केंद्रीय आपत्ती यादीत असलेल्या काउंट्यांना आणि त्यातल्या शहरांना १ ऑक्टोबर २०२७ पर्यंत बांधकामावर स्थगिती आणता येणार नाही. विकास आराखडे आणि जमीनवापराचे नियम आधीपेक्षा ‘जास्त कडक किंवा जाचक’ही करता येणार नाहीत. हे १ ऑगस्ट २०२४ पासून मागे जाऊन लागू आहे. तिन्ही वादळांच्या याद्या एकत्र केल्या की राज्याच्या सगळ्या ६७ काउंट्या त्यात येतात. वादळाचा थेंबही न पडलेल्या गावाचा हातसुद्धा बांधला गेला. भर म्हणून, पुढे येणाऱ्या हरिकेनच्या मार्गापासून १०० मैलांच्या आतल्या गावांवर वर्षभर अशीच बंधनं येतील.

समर्थक म्हणतात की घर गमावलेल्या माणसावर नवे नियम लादू नयेत. हे मला पटतं. पण पडलेलं घर पुन्हा उभारणं आणि मोकळ्या शेतजमिनीवर चारशे घरांची नवी वसाहत टाकणं, यांत या कलमाने फरकच केलेला नाही. एखाद्या गावाला पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे नियम कडक करायचे असतील, म्हणजे पूर टळावा म्हणूनच काही करायचं असेल, तर तेही ‘जाचक’ ठरू शकतं. पंचवीसएक शहरं आणि काउंट्या २०२५ मध्ये याविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्या साऱ्या काही एका पक्षाच्या नाहीत.

ही कल्पना नवी नव्हे. इयन आणि निकोलनंतर २०२३ मध्ये त्या वादळांच्या भागापुरतं असंच कलम आलं होतं. तेव्हाची मर्यादित सूट दोन वर्षांत राज्यभर पसरली.

नॉर्थ कॅरोलायनात काय झालं?

तिथे विधिमंडळाने आधी पैसे दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या कायद्याने २७३ दशलक्ष आणि दुसऱ्याने ६०४ दशलक्ष डॉलर. राज्याने नुकसानीचा अंदाज ५९.६ अब्ज डॉलर लावला होता, तेव्हा हे पैसे कितपत पुरणार ते दिसतंच आहे.

तिसऱ्या विधेयकाच्या शीर्षकात आपत्ती मदत होती, पण पोटात दुसरंच बरंच काही होतं. नव्याने निवडून आलेल्या गव्हर्नरचे अधिकार कापणारी कलमं तर होतीच. त्याशिवाय, मालकांच्या लेखी संमतीविना कोणत्याही जमिनीवरची बांधकामाची मुभा कमी करता येणार नाही, असं राज्यभर लागू होणारं एक कलमही त्यात होतं. मावळते गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो डिसेंबरात मोडून काढला. पूर येऊन गेलेल्या नदीकाठी इमारती कमी करायचं एखाद्या गावाने ठरवलं, तर आता त्याला मालकांच्या दारात जाऊन सह्या मागाव्या लागतील. वादळाशी याचा संबंध काय, हे समजावून सांगणारं मला कोणी भेटलेलं नाही.

डोंगराळ भागाची गोष्ट आणखी जुनी आहे. २००४ मध्ये मेकन काउंटीतल्या पीक्स क्रीकला दरड कोसळून पाच जण गेले. त्यानंतर दरडींचे नकाशे बनवण्याचं काम राज्याने सुरू केलं, २०११ मध्ये पैसे काढून घेऊन बंद केलं आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं. तीव्र उतारावरच्या बांधकामासाठी राज्यव्यापी नियम आणण्याचे प्रयत्न विधिमंडळात फसले. ऑगस्ट २०२३ मध्ये घरबांधणी संहितेतले मोठे बदल २०३१ पर्यंत गोठवणारा कायदाही नकाराधिकार मोडून मंजूर झाला. त्यानंतर तेरा महिन्यांनी हेलीन आलं. अ‍ॅशव्हिलच्या आसपास घर घेत असाल तर दरडीचे नकाशे स्वतः पाहा. विकणारा ते आपणहून दाखवेल अशी आशा धरू नका.

घर राहण्याजोगं नाही. अंगणात ट्रेलर लावून राहता येईल का?

फ्लोरिडात येईल. आणीबाणी जाहीर झाल्यापासून ३६ महिन्यांपर्यंत, किंवा घर राहण्याजोगं होईपर्यंत, यांत जे आधी होईल तोवर. तुम्ही घर दुरुस्त करण्याचा खरा प्रयत्न करत असायला हवं, म्हणजे परमिटचा अर्ज, नकाशे किंवा सामानाची खरेदी असं काही दाखवता आलं पाहिजे. पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणीही लागते. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर तीन वर्षं ट्रेलरमध्ये काढणं सोपं नाही, पण भाडं आणि कर्जाचा हप्ता एकदम भरण्यापेक्षा अनेकांनी हाच मार्ग घेतला.

माझं परमिट वादळाआधीचं आहे. त्याची मुदत संपेल का?

फ्लोरिडात आणीबाणीच्या काळात मुदतीचं घड्याळ थांबतं, आणि वर २४ महिने वाढवून मिळतात. पण हे आपोआप होत नाही. आणीबाणी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत, वाढीव मुदत हवी आहे असं परमिट देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

छपराचा २५ टक्क्यांचा नियम अजून आहे का?

आहे, पण त्याचा दंश कमी झाला आहे. पूर्वी १२ महिन्यांत २५ टक्क्यांहून जास्त छप्पर बदललं की सगळंच नव्या संहितेप्रमाणे करावं लागे. २०२२ च्या कायद्याने, ज्याचं छप्पर २००७ च्या किंवा नंतरच्या संहितेप्रमाणे बांधलेलं आहे त्याला फक्त बिघडलेला भाग नीट करायची मुभा दिली. ही सवलत मला योग्य वाटते, कारण ते छप्पर मुळातच बऱ्यापैकी मजबूत असतं. फ्लोरिडाची संहिता कडक झाली तीच १९९२ च्या अँड्र्यू वादळात हजारो घरं भुईसपाट झाल्यावर. राज्यभर एकच संहिता २००२ पासून लागू आहे.

पर्यावरणाच्या नियमांत काय सैल होतं?

किनाऱ्यावर पहिली सूट वाळू आणि भिंतींना मिळते. फ्लोरिडात समुद्रालगत बांधकाम नियंत्रणाची एक रेषा आखलेली आहे, तिच्या पलीकडे काहीही करायला राज्याची परवानगी लागते. वादळानंतर तातडीचा आदेश निघतो आणि ढासळत्या घरापुढे वाळू टाकायला, तात्पुरती भिंत उभारायला चटकन परवानगी मिळते. अशी भिंत ६० दिवसांत काढायची, नाहीतर कायमच्या परवानगीसाठी अर्ज करायचा असा नियम आहे. लोक अर्ज करतात आणि भिंत राहते. लाट तिच्यावर आपटून परतते आणि समोरची व शेजारची वाळू ओढून नेते, म्हणजे तुमचं घर वाचतं आणि शेजाऱ्याचं धोक्यात येतं. शिवाय समुद्री कासवांच्या अंड्यांचा हंगाम आणि हरिकेनचा हंगाम बराचसा एकाच वेळी असतो. ज्या वाळूत अंडी असतात तिच्यावरच यंत्रं फिरतात.

नॉर्थ कॅरोलायनाने समुद्रकिनारी कायमच्या भिंतींना १९८५ पासून मनाई केली आहे. अपवाद म्हणून तात्पुरत्या वाळूच्या पोत्यांना परवानगी होती. ती तात्पुरती पोती काही ठिकाणी वर्षानुवर्षं तिथेच आहेत.

आणि नद्यांचं? राडारोडा काढण्यात काय पर्यावरण बघायचं?

बरंच. हेलीननंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या नद्यांमधून मोडकी घरं, गाड्या आणि उन्मळलेली झाडं काढणं भागच होतं. पण कंत्राटदाराला पैसे काढलेल्या राड्याच्या मापाने मिळतात. त्यामुळे काही ठिकाणी काठावरची उभी झाडंही गेली आणि पात्रात अवजड यंत्रं उतरली, अशा तक्रारी आल्या. तिथल्या पाण्यात हेलबेंडर नावाचा, दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, राहतो. तो पात्रातल्या मोठ्या दगडांखाली घर करतो. दगड उचलला की घर गेलं. काठाची झाडं गेली की माती सुटते, आणि पुढच्या पावसात काठच्या माणसांच्या अंगणालाही भगदाड पडतं.

सर्वांत गाजलेलं प्रकरण नोलिचकी नदीच्या घळीतलं. सीएसएक्स कंपनीचा रेल्वेमार्ग पुरात वाहून गेला, आणि तो बांधताना नदीच्या पात्रातूनच दगड उपसला जात असल्याचं नदीप्रेमी संघटनांनी दाखवून दिलं. तातडीच्या परवानगीत हे बसत नव्हतं. केंद्राच्या लष्करी अभियंता दलाने ते थांबवायला सांगितलं आणि संघटना न्यायालयातही गेल्या. मार्ग बांधूच नका, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. दगड खाणीतून आणा, एवढंच होतं.

तुलनेला पिजन नदीच्या घळीतला आय-४० महामार्ग बघा. तिथेही दगड लागलाच, पण वन खात्याशी ठरवून तो जवळच्या जंगलातल्या जागेतून घेतला. १ मार्च २०२५ ला दोन्ही दिशांना एकेक मार्गिका खुली झाली. परवानग्यांना फाटा न देता, संबंधित खाती एकत्र बसून त्या लवकर दिल्या तरी काम होतं.

घाई काही वेळा बरोबरही असते. मिल्टनच्या तोंडावर राडारोड्याची केंद्रं चोवीस तास उघडी ठेवायचा हुकूम फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी काढला. पिनेलस काउंटीत एका बंद केंद्राचं फाटक राज्य पोलिसांनी गाडीला दोर बांधून उपटलं, असं त्यांनीच पत्रकारांना सांगितलं. नाटक होतं खरं, पण ताशी शंभर मैलांच्या वाऱ्यात रस्त्यावरचा फ्रीज कुठे उडेल याचा विचार केला, तर मी त्यांच्या बाजूने आहे.

नियम ढिले केले तर घरं खरोखर लवकर उभी राहतात का?

थोडीफार. परमिटला सहा आठवडे लागण्याऐवजी एक लागला तर फरक पडतोच. पण माणसं ज्यात वर्षानुवर्षं अडकतात ते परमिट नसतं. विमा कंपनीशी रक्कम ठरत नाही, छपराला मजूर मिळत नाहीत, आणि केंद्राचा पुनर्बांधणी निधी राज्याकडून घरापर्यंत पोचत नाही. हेलीनसाठी नॉर्थ कॅरोलायनाला साधारण १.४ अब्ज डॉलरचा असा निधी जाहीर झाला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे वादळानंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने. आणि तो फक्त जाहीर झाला होता. त्याच राज्यात २०१६ च्या मॅथ्यू आणि २०१८ च्या फ्लोरेन्समध्ये घरं गेलेली काही कुटुंबं २०२४ मध्येही वाट बघत होती, आणि त्याच वर्षी राज्याच्या पुनर्बांधणी कार्यक्रमाकडचे पैसे संपत आले. तिथे बांधकाम संहितेने कोणालाही अडवलेलं नव्हतं.

नियम सैल करून घरं अधिक सुरक्षित झाल्याचं उदाहरणही आहे. सँडी वादळानंतर जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी इमारतीच्या उंचीची मर्यादा आणि तत्सम काही नियम थांबवले. अट एकच होती, घर नव्या पूरपातळीच्या वर उचललेलं हवं. उचलणाऱ्याच्या वाटेत जो नियम येत होता तेवढाच त्यांनी काढला.

आमच्या सोसायटीचे, म्हणजे एचओएचे नियमही शिथिल होतात का?

राज्याच्या सवलतींनी ते आपोआप बदलत नाहीत. रंग, कौलांचा प्रकार, ट्रेलर उभा करायची जागा यांसाठी त्यांच्याशी वेगळं बोलावं लागतं. मात्र २०२४ पासून फ्लोरिडात एचओएला वादळी शटर, मजबूत खिडक्या आणि छपरं यांचे निकष ठरवून द्यावे लागतात, आणि त्या निकषांत बसणारं काम नाकारता येत नाही.

घर घेताना काय विचारावं?

१ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विकणाऱ्याने पूरविम्याचा क्लेम केला होता का आणि पुरासाठी केंद्राची मदत घेतली होती का, हे लेखी सांगणं बंधनकारक आहे. तो कागद मागा. मग शहराच्या संकेतस्थळावर त्या पत्त्याची परमिटं शोधा. हेलीनमध्ये चार फूट पाणी शिरलेल्या घरात चकचकीत नवं स्वयंपाकघर आहे आणि २०२४ नंतरचं एकही परमिट नाही, तर आधी बांधकाम खात्याला फोन करा, किमतीचं नंतर बोला. घराला ‘लक्षणीय नुकसान’ झाल्याची नोंद आहे का, तेही तिथेच विचारा. ती नोंद मिटलेली नसेल, तर घर उचलायचा खर्च तुमच्या डोक्यावर येईल.